घर दाखवण्याचा कार्यक्रम

माझी मेहुणी आणि साडू न्यूझीलंडमध्ये गाडीच्या अपघातात गेले, तेव्हा त्यांची मुलगी शाळेत चित्र काढत बसली होती. हे आम्हाला मागाहून कळलं. कशाचं चित्र, ते कुणी सांगितलं नाही. माझी बायको मात्र अजूनही भाजी निवडता निवडता मधूनच विचारते, "काय काढत असन हो पोट्टी?" मला काय माहीत! पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी दर वेळी काहीतरी ठोकून देतो. एकदा हत्ती म्हणालो. एकदा विमान म्हणालो, त्या दिवशी ती जेवली नाही.

तर असा मी. तोंड आधी उघडणारा आणि डोकं नंतर. पुढं जे झालं ते याच क्रमानं झालं.

मुलीला दुसरं कुणी नव्हतं. साडूची आई आहे, पण ती आता समोरच्या माणसाला ओळखत नाही. माझ्या बायकोचे आईवडील कधीच गेले. राहिलो आम्ही दोघं, रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या एका घरात, मूलबाळ नसलेले, पन्नाशी ओलांडलेले. बातमी आल्यावर रडून झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी कंबर कसली. पोरगी आणायची, बस. यात ठरवायचं काय होतं? तिकडच्या सरकारी बाईंचा फोन आला तेव्हा मी आयुष्यातलं सगळं इंग्रजी गोळा करून म्हणालो, "मॅडम, वी आर कमिंग. प्लीज कीप हर रेडी." जशी काही पोरगी ड्रायक्लीनिंगला टाकलेली शाल होती.

मग बाईंनी फार मऊ आवाजात विचारलं, की तुम्ही कुठल्या अधिकारानं नेणार?

"आन्ट," मी म्हणालो. "मदर्स ओन सिस्टर." आणि बायकोकडं बोट दाखवलं. फोनवर.

बाईंनी सांत्वन केलं. मुलगी सुरक्षित आहे, शाळेतल्याच एका बाईंच्या घरी तिला तात्पुरतं ठेवलंय, असं सांगितलं. आणि मग हेही सांगितलं, की तुम्ही जे म्हणताय त्याला एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक घेणं म्हणतात आणि त्याची एक पद्धत आहे.

ती पद्धत मी दोन रात्री बसून समजून घेतली. मूल दुसऱ्या देशाचं नागरिक असलं की सख्खी मावशी म्हणजे अर्जातला एक रकाना. आधी इथल्या मान्यता असलेल्या संस्थेची समाजसेविका आमच्याकडं येणार. घर, तब्येत, मिळकत, आमचं एकमेकांशी वागणं, सगळं पाहून अहवाल लिहिणार. तो अहवाल दिल्लीला. दिल्लीनं माणसं बरी आहेत असं म्हटलं की तो तिकडच्या कार्यालयात. तिकडून मुलीचा अहवाल इकडं. मग तिकडचं न्यायालय. न्यायालयानं हो म्हटलं की पुन्हा दिल्लीचं नाहरकत. आणि एवढं सगळं झाल्यावर, पोरगी तिकडची नागरिक असल्यामुळं, मावशीच्या घरी राहायला तिला व्हिसा लागणार.

नियम वाईट नव्हते, हे आत्ताच सांगून टाकतो. जगात मुलं पळवतात, विकतात, आणि नेणारा प्रत्येक जण स्वतःला काकाच म्हणवतो. त्यासाठी ते केलेले. पण त्या वेळी मला त्यात एकच गोष्ट दिसली: ही फाइल आहे. आणि मी नवा रायपुरात मंत्रालयात अधीक्षक! आयुष्यभर लोकांच्या फायलींवर 'त्रुटि पूर्ण कर पुनः प्रस्तुत करें' असं लिहीत आलेला माणूस. मी बायकोला म्हणालो, "तू काही काळजी करू नको. फाइल कशी चालते ते मला शिकवणारा अजून जन्मायचाय."

ती म्हणाली, "फाइल नाही हो ते. पोट्टी आहे."

दर शनिवारी सकाळी आम्हाला मुलीशी व्हिडिओवर बोलायला मिळे. आमची सकाळ, तिची दुपार. तिच्या शेजारी त्या सरकारी बाई बसलेल्या. त्याचेही नियम होते. "तू ये" असं म्हणायचं नाही. कसलंही वचन द्यायचं नाही. तिच्यासमोर रडायचं नाही. आणि बाईंना समजेल अशा भाषेत, म्हणजे इंग्रजीत बोलायचं.

शेवटच्या नियमानं माझा घात केला. मराठीत, हिंदीत, वेळ पडली तर छत्तीसगढीतही मी माणसाला हसवू शकतो. पूर्वी साडूच्या फोनवर ही पोरगी माझी फजिती ऐकून खाली लोळायची. मी बसमध्ये दुसऱ्याच्या खांद्यावर झोपलो आणि त्याच्याच घरी जाऊन उतरलो, असल्या गोष्टी. ती मला मौसा म्हणते. "मौसा, अजून एक!" असं ओरडायची. आता मी पडद्यासमोर बसून विचारत होतो, "हाऊ इज युवर स्कूल?" ती म्हणे, "गुड." मी म्हणे, "व्हेरी गुड." इंग्रजीत मी विनोदी नाही. इंग्रजीत मी कुणाच्या तरी लग्नात चुकून आलेला पाहुणा वाटतो.

बायको तर बोलायचीच नाही. नुसती बघायची. एकदा तिनं हात पुढं केला आणि पडद्यावरच्या पोरीचे केस कपाळावरून मागं सारले. इकडून. मी दुसरीकडं बघितलं.

समाजसेविका येणार असं कळलं आणि मी कामाला लागलो. इथं माझं शहाणपण समजून घ्यायला हवं. माझ्या तिन्ही बहिणींची स्थळं याच घरात आली. पाहुणे येणार म्हटलं की घर कसं दाखवायचं यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. शेजारून सोफा आणायचा, पलीकडच्या घरातून चांगल्या कपबशा. भिंतीवरचं भरतकाम मावशीनं केलेलं, पण पाहुणी म्हणाली की "मुलीनं केलंय वाटतं," तर आपण नुसतं हसायचं. ते खोटं नसतं. तो कार्यक्रम असतो. पाहुण्यांनाही माहीत असतं, कारण त्यांच्या घरचा सोफाही कुणाचा तरी असतो. आणि एक मोठी खूण: पाहुण्यांनी पोहे खाल्ले की समजायचं जमलं. ताटलीला हात न लावता उठले, तर नकार.

"काहून हो एवढा तमाशा?" बायको म्हणाली. "जे आहे थे दाखवू ना."

"तुले समजत नाही," मी म्हणालो. घरात भांडताना आमची भाषा अशी आजीआजोबांच्या गावाला जाते. "जे आहे ते पाहून कोणी पोरगी देते का?"

मी केसांना काळा रंग लावला. थोडा कानालाही लागला, तो तीन दिवस निघाला नाही. माझं रक्तदाब मोजायचं यंत्र आणि बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्या मी पिठाच्या डब्यामागं लपवल्या. अर्जाला मीच जोडलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात दोन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या हे माझ्या लक्षात आलं नाही. मागची खोली मुलीसाठी तयार केली होती: नवा पलंग, फुलपाखरांची चादर, खिडकीला पडदा. पण ती खोली बघून माझं समाधान होईना. सगळं घर नव्या दवाखान्यासारखं शांत. एकही आवाज नाही. पोर नसलेल्या घराचा एक वास असतो, तो कितीही फिनाइलनं जात नाही. आम्हाला तो येत नाही, पण येणाऱ्याला येतो, हे मी सव्वीस वर्षांच्या संसारात लोकांच्या चेहऱ्यांवरून शिकलोय.

म्हणून मी पोरी उसन्या आणल्या.

शेजारच्या भाभींच्या दोन मुली. थोरली दुसरीत, धाकटी तिच्या मागं मागं. दुपारी कधी कधी त्या आमच्याकडं येऊन कार्टून बघत, बायकोच्या हातचं खात. मी त्यांना आइस्क्रीम कबूल केलं आणि सांगितलं, "दीदी आयेगी तो बस आँगन में खेलना. हँसते रहना. बाकी कुछ नहीं."

समाजसेविका आली. तिशीची, खांद्याला झोळी, पायात साध्या चपला. "नमस्ते अंकल, नमस्ते आंटी." मी तिला उसन्या सोफ्यावर बसवलं. बायकोनं पोहे आणले, वर शेव, बाजूला जिलेबी. ती म्हणाली, "नहीं आंटी, बस पानी."

"थोडा तो लीजिए," मी म्हणालो.

"नहीं अंकल, प्लीज."

ताटलीला हात लावला नाही! बहिणींच्या वेळचे दोन नकार मला आठवले. घामानं कानावरचा काळा रंग ओघळायला लागला. बायको पाणी आणायला आत गेली होती. मला वाटलं, आता काही तरी केलंच पाहिजे, नाहीतर ही बाई उठेल आणि गेली आमची पोरगी. मी अंगणाकडं तोंड करून हाक मारली, "अरे, अंदर आओ बेटा!"

दोघी धावत आल्या. ठरल्याप्रमाणं खिदळत. समाजसेविका हसली. "अरे वा! आप लोग यहीं रहते हो?"

थोरलीला माझ्याहून मोठी नटी व्हायचं होतं. "हव," ती म्हणाली. आणि हात धरून बाईला मागच्या खोलीत घेऊन गेली. "ये हमारा कमरा है. ये मेरा पलंग, इसमें छोटी भी सोती है."

मी दारात उभा होतो. खरं सांगायला मी तोंड उघडलं. एवढ्यात समाजसेविका माझ्याकडं वळून म्हणाली, "कितनी प्यारी बच्चियाँ हैं अंकल," आणि माझं तोंड, जे त्या कामासाठी उघडलं होतं, ते भरतकामाच्या वेळी हसतं तसं हसलं. "सब भगवान की कृपा है," मी म्हणालो.

बायको पाणी घेऊन आली तेव्हा आम्ही परत बैठकीत होतो. तिला यातलं काही कळलं नाही. समाजसेविका गेल्यावर मी तिला म्हणालो, "जमलं बहुतेक." संध्याकाळी पोरींना तेलीबांध्याला तलावावर नेऊन आइस्क्रीम दिलं. थोरलीला दोन.

पुढं बरेच दिवस काही आलं नाही. मग दिल्लीहून पत्र आलं, त्यात तिकडच्या कार्यालयाचीही विचारणा जोडलेली. अर्जात आम्ही मूल नाही असं लिहिलं आहे. घराच्या अहवालानुसार घरात दोन अल्पवयीन मुली राहतात आणि येणाऱ्या मुलीसाठी दाखवलेली खोली त्या वापरतात. या मुली कोण आहेत, त्या कुणाच्या कायदेशीर ताब्यात आहेत, आणि त्यांचा उल्लेख अर्जात का नाही, ते कळवावं. तोवर प्रकरण पुढं जाणार नाही.

मी ते पत्र उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मग बायकोनं माझ्या हातातून घेतलं. तिला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ मी तिच्या बोटाकडं बघत होतो, ते कुठल्या ओळीवर आलंय. ते दोन मुलींवर येऊन थांबलं.

"कोन्त्या पोरी?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

मला वाटलं ती ओरडेल. तिनं पत्राची घडी केली, माझ्या खिशात घातली आणि आत जाऊन कुकर लावला. शिट्ट्या झाल्या. तिसऱ्या शिट्टीनंतर ती बाहेर आली आणि म्हणाली, "माह्या बहिणीची पोरगी तिथं परक्याच्या घरी बसून आहे. अन् तुम्ही तिचा पलंग दुसऱ्याच्या पोरीच्या नावानं दाखवला." एवढंच.

मग जे झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते, म्हणून भराभर सांगतो. बालसंरक्षणवाले दोघं जण भाभींच्या दाराशी गेले, मुली त्यांच्याच आहेत का हे विचारायला. भाभी पदर खोचून आमच्या फाटकापाशी आल्या.

"भैया, मेरी लड़कियाँ किराए की कुर्सी हैं क्या? बोल देते, पंखा भी भेज देती!"

"भाभी, गलती हो गई."

"गलती? कल को कोई लिख देता कि मेरी बच्चियाँ आपने रख ली हैं, तो?"

तरी त्यांनी दोघींचे जन्मदाखले दिले. देताना माझ्या हातात दिले नाहीत, बायकोच्या हातात दिले. आणि त्या दिवसापासून पोरींचं आमच्याकडं येणं बंद झालं. दुपारचं कार्टून बंद. घर आता खरोखर अर्जाबरहुकूम रिकामं झालं.

मी समाजसेविकेच्या कार्यालयात गेलो. मंत्रालयात माझ्यासमोर लोक जसे उभे राहतात, हातात पिशवी, अर्धं हसू, तसा मी तिच्यासमोर उभा होतो. तिनं बसायला सांगितलं.

"अंकल, आपने मुझसे झूठ क्यों बोला?"

"आपने पोहे नहीं खाए," मी म्हणालो.

तिला कळेना. मी सगळं समजावून सांगितलं: बहिणींची स्थळं, सोफा, ताटली. ती आधी हसली. मग हसू थांबलं आणि तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अंकल, मैं रिश्ता देखने थोड़ी आई थी. किसी के घर कुछ खा नहीं सकते, नियम है. और सच बोलूँ? भूख तो लगी थी." मग म्हणाली, दुरुस्तीचा अहवाल ती पाठवेल, पण शेजारच्या मुली आपल्या म्हणून दाखवल्या हेही त्यात लिहावं लागेल. तिची सही आहे त्याखाली.

"लिखिए," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मीही कुणाची त्रुटी कधी सोडली नव्हती.

ती न सांगता पुन्हा आली. त्या दिवशी मी बनियनवर कूलर उघडून बसलो होतो, हात गाळानं भरलेले, आणि बायको मला सुनावत होती. केसांचा रंग अर्धा उतरलेला. डायनिंग टेबलवर रक्तदाबाचं यंत्र, गोळ्या, कालची वर्तमानपत्रं. तिनं विचारलं, तुम्ही भांडता का? बायको म्हणाली, "रोज." कशावरून? "यांच्यावरून." मग तिनं बायकोला विचारलं, मुलगी आली आणि तिला तुम्ही आवडला नाहीत तर? "मी मावशीच राहीन," बायको म्हणाली मराठीत. "आई व्हायला नाही आणून राहिलो आपण तिले." समाजसेविकेला मराठी येत नव्हतं, पण तिनं ते लिहून घेतलं. अर्थ मला विचारून घेतला.

हा अहवाल चांगला गेला. फार चांगला. पण तोवर तिकडं एक शाळेचं वर्ष संपून दुसरं लागलं होतं.

शनिवारी पोरगी आता जास्त बोले. पण ते कुणाकुणाबद्दल असे, ते आम्हाला कळत नसे. मैत्रिणींची नावं, एका कुत्र्याचं नाव, पोहण्याचा वर्ग. ज्या शाळेतल्या बाईंकडं ती राहत होती त्यांना ती आधी मिसेस म्हणे, मग त्यांच्या नावानं बोलवू लागली. एकदा बोलता बोलता "माय मम" म्हणाली आणि थांबली. कुठल्या आईबद्दल बोलतेय, हे विचारायची आमची हिंमत झाली नाही.

मग तिकडच्या बाईंनी कळवलं, की ज्या कुटुंबात मुलगी आहे त्यांनीही तिला कायमचं ठेवण्याची इच्छा सांगितली आहे. न्यायालय दोन्ही बाजू पाहील. आणि मुलगी आता आठ वर्षांची आहे, समजदार आहे, तर तिलाही विचारलं जाईल. हेही नियमात होतं. मूल कुणी कुठं नेऊन ठेवायची वस्तू नाही, त्याचं मत घ्यायचं असतं. नियम वाचला तेव्हा मी त्याखाली पेन्सिलनं 'उत्तम' असं लिहिलं होतं.

न्यायालय तिला विचारणार त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही सकाळपासून तयार होऊन बसलो. बायकोनं मला बजावलं, "काही बोलायचं नाही. 'ये' म्हणायचं नाही." मी मान हलवली. पण माझ्या जिभेवर तो एक शब्द बसला होता. मराठीत एका अक्षराचा आहे. बाईंना समजलाही नसता. मी खोकल्यात घालून म्हणालो असतो तरी चाललं असतं. सगळा वेळ मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो, आणि पोरीला वाटलं असेल मौसाची दाढ दुखतेय.

तिनंच विचारलं, इंग्रजीत, "मौसा, तुम्ही खरंच मुली उसन्या आणल्या होत्या?"

उशीर का झाला हे तिला तिकडं समजावून सांगितलं होतं. मी बाईंकडं बघितलं. त्यांनी हात केला, सांगा.

मी सांगायला लागलो. मोडकं इंग्रजी, हातवारे, कानावरचा काळा रंग, पिठाच्या डब्यामागचं यंत्र, "भगवान की कृपा", भाभींचा पंखा. ती हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग टेबलावर डोकं ठेवून. त्या बाईही हसल्या. बायको हसली. माझ्या इंग्रजीत पहिल्यांदा जीव आला होता. मला वाटलं, जमलं. आता ती येईल. असा मौसा सोडून कोण राहील?

हसू ओसरल्यावर ती जरा गंभीर झाली. म्हणाली, "मी आले नाही तर तुम्ही परत कुणाला उसनं आणाल?"

मला काय म्हणायला हवं होतं? "नाही" म्हटलं तर तिच्यावर ओझं. "हो" म्हटलं तर तिला वाटणार, ती नसली तरी आमचं चालेल. वचन द्यायचं नव्हतं. रडायचं नव्हतं. मी म्हणालो, "भाभी विल नॉट गिव्ह." ती पुन्हा थोडी हसली. बाईंनी घड्याळ दाखवलं.

निकाल ईमेलनं आला. मुलगी तिथंच राहील, त्याच कुटुंबात, त्याच शाळेत. तिनं सांगितलं होतं, की तिला दोन्ही हवं आहे. दोन्ही देता येत नव्हतं. मावशीशी बोलणं मात्र चालू राहावं, असं न्यायालयानं आवर्जून लिहिलं होतं, आणि ते कुटुंब त्याला आनंदानं तयार होतं. दिल्लीला प्रकरण बंद करण्याचा अर्ज मीच लिहिला. असल्या अर्जाचा मसुदा मला तोंडपाठ आहे. तरी तीन कागद वाया गेले.

मी समाजसेविकेला फोन करून विचारलं, की त्या दोन मुली नसत्या, ते महिने गेले नसते, तर?

"अंकल, क्या पता," ती म्हणाली. "शायद यही होता."

शायद. मी त्या शब्दाला अजून घट्ट धरून आहे. कधी तो मला वाचवतो, कधी बुडवतो. बायकोनं हा प्रश्न मला एकदाही विचारलेला नाही. ती विचारत नाही म्हणून मला झोप येत नाही.

पुढच्या शनिवारी फोन आला तेव्हा पडद्यावर सरकारी बाई नव्हत्या. पोरगी होती, आणि तिच्यामागं खुर्चीत एक गोरी, जाड भिंगांचा चष्मा घातलेली बाई. पहिल्यांदाच समोर येत होती. ती घाबरली होती, हे मला दिसत होतं. आम्ही तिचा तिरस्कार करू असं तिला वाटत असणार. खरं तर मी तशी तयारी करूनच बसलो होतो. ती म्हणाली, की एक मदत हवी आहे. मुलगी केस कापू देत नाही. आईनं वाढवलेले आहेत. मला नीट वेणी येत नाही, रोज सकाळी गुंता होतो, दोघी रडतो. तुम्ही दाखवाल का?

मी बायकोला मराठीत सांगितलं. ती उठली. मला वाटलं, आत निघून जाईल. ती तेलाची वाटी आणि कंगवा घेऊन आली, माझ्याकडं पाठ करून जमिनीवर बसली आणि स्वतःचा अंबाडा सोडला. "फोन धरा माह्या मागं," म्हणाली. "हात दिसले पाहिजेत."

मी फोन धरला. तिनं तेल लावलं. पांढरे झालेले केस, मला वाटत होतं त्याहून खूप जास्त पांढरे. तिनं तीन पेड केले आणि मराठीतच सांगू लागली, सावकाश, जसं समोरच्या माणसाला सगळं समजतंय. "हे इकडून असं घ्यायचं. ओढायचं नाही. ओढलं का पोरगी उठून पळते. अन् मधे मधे बोलत राहायचं तिच्याशी." तिची बोटं पाठीमागं न बघता चालत होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि तिला माझा. नियम आता कुठलाच उरला नव्हता. मी मनसोक्त रडून घेतलं, आवाज न करता, नाक वाहू दिलं, फोन मात्र हलू दिला नाही. अधीक्षकाचं काम चोख.

वेणी शेवटापर्यंत आली. बायकोनं रबर लावलं आणि न वळता विचारलं, "समजलं का तिले? विचारा."

मी डोळे पुसून पडद्याकडं पाहिलं. पलीकडं ती बाई तोंडावर हात ठेवून बसली होती. पोरगी पडद्याच्या अगदी जवळ आली होती, नाक टेकेल इतकी.

"मौसा," ती हळूच म्हणाली, "कॅमेरा उलटा आहे. आम्हाला तुम्हीच दिसताय."

"काय म्हणते?" बायकोनं विचारलं.

"दिसलं नाही म्हणते," मी म्हणालो. "परत घालायला लागेल."

तिनं रबर काढलं, बोटं घालून वेणी पूर्ण मोकळी केली, आणि पहिल्यापासून सुरू केलं.